मुंबईचा प्लेग, एक आलेख आणि गळून पडलेली सूचना



आज मला टीका करायची आहे ती एका चित्रावर. साथरोगांचं गणित शिकवणारं जवळपास कुठलंही पुस्तक उघडा, सुरुवातीच्या प्रकरणांत हे चित्र भेटतं. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर प्लेगने झालेले मृत्यू. ठिपके आधी सावकाश वर चढतात, मग झपाट्याने, एप्रिलच्या मध्यावर आठवड्याला नऊशेच्या आसपास पोचतात आणि तसेच खाली उतरतात. त्या ठिपक्यांमधून एक सुबक, घंटेच्या आकाराची रेषा गेलेली असते. रेषा ठिपक्यांना इतकी चिकटून जाते की पाहणारा म्हणतो, वा, गणिताने रोग पकडला!

हे ठिपके आपल्या मुंबईचे आहेत. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, दर आठवड्याला मुंबई बेटावर प्लेगने किती माणसं गेली, त्याची ही नोंद. रेषा काढली ती एडिंबरोच्या दोघांनी, कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी, १९२७ साली. आज गोवरापासून कोविडपर्यंत कुठल्याही साथीत ‘किती टक्के लोकांना लस दिली की साथ थांबेल’ असा आकडा निघतो, तेव्हा त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा याच शोधनिबंधाचं गणित असतं. म्हणून या चित्रावर बोलायचं म्हणजे लसीकरणाच्या नियोजनावरच बोलायचं.

एक कबुली आधीच देतो. मी स्वतः हे चित्र वर्गात बरीच वर्षं शिकवलं, आणि चुकीचं शिकवलं. गणित बरोबर होतं. त्या चित्राबरोबर त्याच्या कर्त्यांनी लिहिलेली एक सूचना मी कधी सांगितलीच नाही, कारण मी ज्या पुस्तकांतून शिकलो त्यांत ती नव्हती. मूळ निबंध वाचला तेव्हा ती भेटली. ती काय, ते येईलच.

आधी ठिपक्यांकडे जाऊ. कारण प्रत्येक ठिपका म्हणजे काहीशे घरांतलं मरण आहे.

मुंबईत प्लेग उघडपणे ओळखला गेला तो सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवी भागात. डॉ. अकॅसिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. बंदराला लागून धान्याची गोदामं, गोदामांना लागून दाटीवाटीच्या चाळी. पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. १८९७ चा साथरोग कायदा, पुण्यातली घरझडती, रँडचा वध, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई. याच मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना. परळची हाफकिन संस्था त्यातूनच उभी राहिली.

म्हणजे १९०५-०६ चे ते ठिपके पडत होते तेव्हा प्लेग मुंबईत नवा नव्हता, आणि लसही नवी नव्हती. प्लेग जवळपास दरवर्षी येत होता, थंडी सरता सरता वाढायचा, चैत्रात टोक गाठायचा, पावसाळ्याच्या तोंडाला ओसरायचा. हे ‘दरवर्षी’ लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता रेषा काढणारे दोघे. मॅकेंड्रिक हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्याने बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे हिंदुस्थानातल्या साथी त्याला केवळ कागदावर माहीत नव्हत्या. कर्मॅक हा रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याचे दोन्ही डोळे गेले, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. म्हणजे ज्या चित्राची मी गोष्ट सांगतोय, ते त्याच्या एका कर्त्याला दिसतही नव्हतं. तो गणित डोक्यात करायचा. या दोघांबद्दल मला आदर आहे, हे आधी सांगून ठेवतो.

त्यांचं मॉडेल समजायला सोपं आहे. गावातल्या माणसांचे तीन कप्पे करा. पहिल्यात ज्यांना अजून रोग झालेला नाही पण होऊ शकतो असे. दुसऱ्यात सध्या रोगी असलेले, जे इतरांना तो देऊ शकतात. तिसऱ्यात बरे झालेले किंवा मेलेले, म्हणजे खेळातून बाहेर पडलेले. रोगी आणि न-रोगी यांच्या गाठीभेटी होतात, तसा पहिला कप्पा दुसऱ्यात रिकामा होतो. दिवस जातात तसा दुसरा तिसऱ्यात. बस्स, एवढंच.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पहिला कप्पा पूर्ण रिकामा व्हायच्या आधीच साथ थांबते. एका रोग्याकडून सरासरी किती नव्यांना रोग जातो, त्या आकड्याला ‘आर’ म्हणतात, कोविडच्या काळात हा शब्द घराघरात पोचला. आर जर चार असेल आणि चारांतल्या तिघांना आधीच संरक्षण असेल, तर एका रोग्यामागे एकच नवा रोगी होतो आणि साथ पुढे सरकत नाही. म्हणजे चारातले तीन, ७५ टक्के. गोवराचा आर १२ ते १८ धरतात, त्यातून ९२ ते ९४ टक्के निघतात. ‘गोवरासाठी ९५ टक्के लसीकरण हवं’ हे जे आपण ऐकतो, त्याच्यामागे हे साधं गणित आहे. सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात ती हीच.

आता आपण त्या प्रसिद्ध रेषेवरून १९०६ च्या मुंबईचं लसीकरण आखू या. हे कुणी केलं होतं असं मी म्हणत नाही, पण रेषा खरी मानली तर ते करता यायला हवं.

रेषेखालचं क्षेत्रफळ काढलं की त्या हंगामातले एकूण मृत्यू येतात, सुमारे ८,९००. नोंदलेल्या रुग्णांपैकी ८० ते ९० टक्के दगावत, तेव्हा रोगी साधारण दहा हजार. मुंबईची लोकसंख्या १९०६ च्या शिरगणतीनुसार सुमारे ९ लाख ७८ हजार. म्हणजे शंभरातल्या एकाला रोग झाला आणि साथ आटोपली. मॉडेलचा एक नियम असा की, आर एकाच्या अगदी जवळ असेल तर तो एकपेक्षा जितका जास्त, त्याच्या साधारण दुप्पट हिश्शाला बाधा होऊन साथ थांबते. इथे एक टक्का बाधित, म्हणजे आर झाला १.००५ च्या आसपास.

पण रेषेचा चढ पाहा. सुरुवातीला रोगी दर आठवड्याला जवळजवळ दीडपट होतायत. ज्यांना चक्रवाढ व्याज कळतं त्यांनी विचार करा. दर खेपेला अर्धा टक्का व्याज, आणि आठवड्यात रक्कम दीडपट व्हायला हवी, तर आठवड्यात किती खेपा व्हाव्या लागतील? ऐंशीच्या आसपास. म्हणजे एका रोग्याकडून दुसऱ्याला रोग जायला वेळ मिळतो सुमारे दोन तास! प्लेगचा रोगी दोन तास संसर्ग देतो आणि संपतो. कुठल्याही वैद्याला विचारा, तो हसेल.

बरं, उलटं धरू. रोगी आठवडाभर संसर्ग देतो असं मानू. मग आर येतो १.४, पण तेव्हा साथीत निम्म्या लोकांना बाधा व्हायला हवी. झाली दहा हजारांना. म्हणजे मुंबईत प्लेग होऊ शकणारी माणसं होती फक्त वीस हजार! बाकीच्या साडेनऊ लाखांना प्लेग होणारच नव्हता. आणि तरी पुढच्या वर्षी तो परत आला.

आता लसीचा हिशेब मांडा. पहिल्या वाचनाप्रमाणे अर्धा टक्का मुंबईकरांना, म्हणजे पाच हजार लोकांना लस टोचली की प्लेग खलास. दुसऱ्या वाचनाप्रमाणे सुमारे २९ टक्के लोकांना. ते वीस हजार कोण हे माहीत नसल्याने सगळ्या शहराला हिशेब लावावा लागेल, म्हणजे दोन लाख ऐंशी हजार. चित्र एकच, रेषा एकच, ठिपक्यांना तितकीच चिकटलेली. एक वाचन सांगतं पाच हजार, दुसरं सांगतं पावणेतीन लाखांवर. आणि दोन्ही चुकीची.

चुकीची का? कारण तीन कप्प्यांत एक प्राणी बसलेलाच नाही. उंदीर.

गाठीचा प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाला होत नाही. तो उंदरांचा रोग. उंदीर मरतो, त्याच्या अंगावरच्या पिसवा उपाशी पडतात आणि माणसाला चावतात. हे १९२७ साली गुपित नव्हतं. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्येच पिसवेवर बोट ठेवलं होतं. आणि नेमक्या १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाचं काम परळच्याच प्रयोगशाळेत चाललं होतं. त्यांनी गिनीपिग पिंजऱ्यात ठेवून टांगले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्याला प्लेग झाला, दोन फुटांवर टांगलेला वाचला, कारण पिसवेची उडी तेवढी जात नाही. म्हणजे ज्या महिन्यांत ते ठिपके पडत होते, त्याच काळात, त्याच शहरात, त्या ठिपक्यांचं खरं कारण शोधलं जात होतं.

आणि शास्त्रज्ञांचं सोडा, आपल्या गावागावांत हे ठाऊक होतं. घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं, गावाबाहेर रानात झोपड्या घालून राहायचं. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत पणजी-आजीकडून आलेली ही आठवण आहे. त्या माणसांना आर माहीत नव्हता. पण रोग कुठून कुठे जातो, हे त्यांना रेषेपेक्षा जास्त कळलेलं होतं.

मग रेषा खाली का आली? मॉडेल म्हणतं, जाळायला लाकूडच उरलं नाही, रोग होऊ शकणारे लोक कमी झाले, म्हणून. प्रत्यक्षात ती उतरली कारण उंदीर मेले होते आणि ऋतू पालटला. पिसवेला विशिष्ट हवामान लागतं, ते गेलं की साथ ओसरते, आणि पुढच्या थंडीनंतर नवे उंदीर, नव्या पिसवा, परत तेच. एकाच हंगामाचे ठिपके पाहिले तर दोन्ही कारणांची रेषा सारखीच दिसते. दोन वर्षांचे पाहिले असते तर मॉडेल पहिल्याच पायरीवर घसरलं असतं.

लसीकरणाच्या दृष्टीने यातली सगळ्यात गंभीर गोष्ट आता सांगतो. हाफकिनची लस टोचून घेतलेल्या माणसाला बरंचसं संरक्षण देत होती. पण उंदराला देत नव्हती. त्यामुळे पाच हजारांना द्या नाहीतर पाच लाखांना द्या, ज्याला टोचलं नाही त्याच्या घरातला उंदीर मरणारच होता आणि पिसू चावणारच होती. शेजाऱ्याच्या लसीमुळे आपण वाचतो, हा जो सामूहिक प्रतिकारशक्तीचा दिलासा आहे, तो गाठीच्या प्लेगला जवळपास लागू नव्हता. तिथे नियोजनाचा प्रश्न ‘किती टक्के’ हा नव्हताच. ‘कुणाच्या घरात उंदीर पडतायत, गोदामाशेजारी कोण राहतं’ हा होता. धनुर्वाताचंही आज तसंच आहे. त्याचे जंतू मातीत असतात, शंभरातल्या ९९ जणांनी इंजेक्शन घेतलं तरी शंभराव्याला त्याचा उपयोग नाही.

इथे मला गंमत वाटते ती रॉनल्ड रॉसची. रॉस मॅकेंड्रिकच्या ओळखीचा होता, गणिताकडे वळायला त्याचंच प्रोत्साहन होतं. रॉसच्या मलेरियाच्या मॉडेलमध्ये डास होता, वेगळ्या कप्प्यात, स्वतंत्र हिशेबाने. प्लेगच्या रेषेत मात्र उंदराला जागा मिळाली नाही.

का नाही मिळाली? आता ती सूचना. मूळ निबंधात कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी आकृतीबरोबरच स्वच्छ लिहून ठेवलं आहे की माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं आम्ही धरलंय. बेटावरच्या सगळ्या उंदरांना बाधेची सारखीच शक्यता आहे, प्रमाणं साथभर बदलत नाहीत, अशी गृहीतकंही त्यांनी मांडली. आणि मग म्हटलं की यातलं एकही गृहीतक काटेकोरपणे खरं नाही, त्यामुळे हे समीकरण अगदी ढोबळ आहे, आणि त्यातल्या अंकांवरून कसलेही निष्कर्ष काढू नयेत.

म्हणजे मी मघाशी जो दोन तासांचा हिशेब केला, तो करू नका असं त्यांनीच सांगितलं होतं!

माझी टीका त्या दोघांवर नाही, हे आता लक्षात आलं असेल. त्यांनी चित्र दिलं आणि चित्राची मर्यादाही दिली. पुढच्या शंभर वर्षांत चित्र एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात गेलं, मर्यादा मागे राहिली. चित्र डोळ्यांत भरतं, सूचना वाचावी लागते. आणि वर्गात शिकवणाऱ्यालाही ‘बघा, कसं जुळलंय’ म्हणायचा मोह होतो. मला झाला. त्या वर्गातून उद्या कुणी आरोग्य खात्यात जाईल, तो जुळलेली रेषा पाहून समाधान मानेल, ती का जुळली हे विचारणार नाही. नुकसान तिथे होतं.

ही जुनी गोष्ट आहे असं कुणाला वाटत असेल तर चार-पाच वर्षांमागे या. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या सुपरमॉडेल समितीने सांगितलं की कोविडच्या लाटेचं टोक सप्टेंबरमध्ये येऊन गेलं आहे, आणि लोकांनी सगळी काळजी घेत राहिली तर फेब्रुवारी २०२१ अखेर सक्रिय रुग्ण अगदी थोडे उरतील. या वाक्यात ‘तर’ होता. बातमीत, चर्चेत, आपल्या कट्ट्यावर तो ‘तर’ गळाला, राहिलं ते ‘फेब्रुवारीत कोरोना संपणार’. फेब्रुवारीतच अमरावती-अकोल्याकडे रुग्ण वाढू लागले. मे महिन्यात देशात एका दिवसात चार लाखांवर नवे रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्या लाटेचं स्वरूप आम्हाला आधी नेमकं सांगता आलं नाही, हे समितीच्या सदस्यांनी नंतर जाहीरपणे मान्य केलं. ते त्यांनी केलं याचं मी कौतुक करतो. पण त्यांच्या मॉडेलवर टीका करायलाच हवी. त्यातही ठिपक्यांना रेषा जुळवून अंक काढण्यावर भर होता. विषाणूचा नवा अवतार येणं हे त्या मॉडेलच्या बाहेरचं होतं, जसा उंदीर बाहेर होता. आणि साथ संपत आली असं एकदा मनात बसलं की लसीची घाई कुणाला वाटणार?

शिवाय ‘देशाची लाट’ हा आकडा कोल्हापूरच्या काय कामाचा? जून-जुलै २०२१ आठवा. राज्यातले बहुतेक जिल्हे उतरणीला लागले होते आणि आपलं कोल्हापूर, सांगली, सातारा मात्र वरच होतं. दुकानं उघडायची की नाही यावरून इथे केवढा वाद झाला ते सगळ्यांना आठवत असेल. देशाच्या रेषेवर तेव्हा उतार होता. आपण त्या उताराच्या आत चढावर होतो.

आता तुम्ही म्हणाल, मग मॉडेल फेकून द्यायची का? अजिबात नाही. मॉडेल नसती तर आपण एक मोठी चूक केली असती, आणि ती उघड्या डोळ्यांना दिसलीही नसती. त्याचं उदाहरण आपल्या शाळांतलंच आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. सीमेपलीकडे कर्नाटकात आणि गोव्यात ती फेब्रुवारी २०१७ मध्येच झाली होती, म्हणजे निपाणीच्या पोरांना कागलच्या पोरांच्या आधी सुई टोचली गेली. नऊ महिन्यांच्या बाळापासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना, मुलगे-मुली दोघांनाही. तेव्हा पालकांचा प्रश्न रास्त होता. दहावीजवळ आलेल्या मुलग्याला रुबेलाची लस कशाला? रुबेला तर साधा पुरळ.

याचं उत्तर मॉडेलने दिलेलं आहे. रुबेला लहानपणी झाला तर साधा, पण गरोदरपणात पहिल्या काही महिन्यांत झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयातला दोष घेऊन जन्माला येऊ शकतं. आता समजा आपण फक्त बाळांना लस दिली, तीही निम्म्यांनाच. रोग फिरायचा थांबत नाही, फक्त कमी फिरतो. मग लस न मिळालेल्या मुलीला तो पाचव्या वर्षी गाठण्याऐवजी विसाव्या वर्षी गाठतो. म्हणजे अर्धवट लसीकरणाने रुग्ण कमी होतात आणि दोष घेऊन जन्मणारी बाळं वाढू शकतात! हे साध्या तर्काने सुचत नाही, हिशेब मांडला तरच दिसतं. ग्रीसमध्ये हे प्रत्यक्ष घडलं. तिथे वर्षानुवर्षं लसीकरण अपुरं राहिलं आणि १९९३ मध्ये साथ आली, तरुण स्त्रिया सापडल्या, बाळांना भोगावं लागलं. म्हणूनच नियम ठरला की रुबेलाची लस सुरू करायची तर मोठ्या वयापर्यंतची एक मोहीम घेऊन सुरू करा, आणि पुढे किमान ८० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

इथे मॉडेलने कुठल्याही ठिपक्यांना रेषा चिकटवली नव्हती. रोग कसा पसरतो हे नीट माहीत होतं, माणसाकडून माणसाला, उंदीर नाही, पिसू नाही. ते माहीत धरून मॉडेलला विचारलं, ‘असं केलं तर काय होईल?’ मॉडेलचं खरं काम हे आहे. दोन योजनांची तुलना कर, माझी चूक मला आधी दाखव. भविष्य सांग, असं म्हटलं की ते पंचांग होतं.

पण बरोबर मॉडेलही एका ठिकाणी दगा देतं, आणि ते ठिकाण म्हणजे सरासरी.

गोवराचं घ्या. ९५ टक्के हवेत. समजा एका शहरात दहा विभाग आहेत, सारख्या वस्तीचे. नऊ विभागांत ९८ टक्के मुलांना लस मिळाली, दहाव्यात ६८ टक्के. सरासरी काढा, बरोबर ९५. कागदावर शहर सुरक्षित. पण दहाव्या विभागात शंभरातली ३२ मुलं उघडी आहेत, आणि ती एकमेकांशीच खेळतात, एकाच बालवाडीत बसतात. गोवराचा आर पंधरा धरला तर तिथे एका रुग्णामागे पाच-एक नवे रुग्ण. साथ पेटणार. मॉडेल म्हणत होतं थांबेल, कारण मॉडेलमध्ये शहरातलं प्रत्येक मूल प्रत्येक मुलाला सारखंच भेटतं. मुंबईतला प्रत्येक उंदीर प्रत्येक उंदराला भेटतो, तसंच हे.

आकडे माझे उदाहरणाचे आहेत, पण गोष्ट खरी घडली. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवराचा उद्रेक झाला, तो सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त एम-पूर्व विभागात, गोवंडी-शिवाजीनगरच्या दाट वस्तीत. भिवंडी, मालेगावातही पसरला. मुलं दगावली. कोविडच्या दोन वर्षांत चुकलेल्या लसी तिथे साठून राहिल्या होत्या. मग नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस, जिथे फार लहान बाळांना बाधा होत होती तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस, असे उपाय करावे लागले. जे नकाशावर आधी शोधायला हवं होतं, ते रुग्णालयाच्या वॉर्डात सापडलं.

शेवटी आपल्या जिल्ह्याकडे येतो. दसरा-दिवाळी झाली की आपल्या कारखान्यांच्या आवारात, फडांच्या कडेला ऊसतोड कामगारांची पालं पडतात. बीडकडून, मराठवाड्यातून आलेली कुटुंबं, बरोबर तान्ही मुलं. हंगाम संपतो मार्च-एप्रिलला. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांचा, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांचा. आता ऑगस्टमध्ये जन्मलेलं बाळ घ्या. आईबाप ऑक्टोबरमध्ये निघाले, एप्रिलमध्ये परतले, मे महिन्यात बाळ नऊ महिन्यांचं झालं, कदाचित गावी डोस मिळेल. पण फेब्रुवारीत जन्मलेलं बाळ? त्याला नऊ महिने पूर्ण होतात नोव्हेंबरमध्ये, शिरोळच्या किंवा करवीरच्या एखाद्या फडात. त्याचं नाव गावच्या अंगणवाडीच्या यादीत, बाळ इथे. तिथल्या यादीत ‘गैरहजर’, इथल्या यादीत नावच नाही. टक्केवारी काढताना आपण खाली जो आकडा लिहितो, त्यात ते बाळ कुणाच्याच हिशेबात नीट बसत नाही. मग आपल्या जिल्ह्याची टक्केवारी कितीही छान असो, ते पाल उघडंच राहतं. पोलिओच्या वेळी वीटभट्ट्या, ऊसतोडीचे तळ वेगळे मोजून तिथे पथकं पाठवली गेली, म्हणजे हे जमतं. पण त्यासाठी कुणीतरी यादीच्या बाहेर बघावं लागतं.

म्हणून उद्या वर्तमानपत्रात, टीव्हीवर किंवा जिल्हा परिषदेच्या सभेत कुणी रेषा दाखवून म्हणालं, ‘मॉडेलनुसार इतके टक्के झाले की बास’, तर गणित येत नाही म्हणून गप्प बसू नका. तीन प्रश्न विचारा, त्यांना गणित लागत नाही. हा रोग कुणाकडून कुणाला जातो, आणि तुमच्या हिशेबात तो वाटेतला उंदीर आहे का? ही सरासरी कुठल्या वस्त्यांची मिळून, आणि त्यातली सगळ्यात खालची वस्ती कुठली? आणि ही टक्केवारी कुणाला मोजून काढली, कोण मोजायचं राहिलं? उत्तर देणारा चांगला असेल तर त्याला राग येणार नाही. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांना आला नसता, त्यांनी उत्तराचा निम्मा भाग स्वतःच लिहून ठेवला होता.

मी आता ते चित्र शिकवताना आधी ती सूचना फळ्यावर लिहितो, मग रेषा काढतो. पोरं म्हणतात, सर, मग हे चित्र कशाला शिकायचं? मी म्हणतो, रेषा इतकी छान जुळूनही आपण किती चुकू शकतो, हे कळावं म्हणून.